रूझवेल्ट यांचा दुर्लक्षित रक्तदाब

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट आपल्या छोट्या निवासस्थानी कागदपत्रे चाळत बसले होते. समोर चित्रकार एलिझाबेथ शुमाटॉफ त्यांचे व्यक्तिचित्र रंगवीत होत्या. जेवणाची वेळ होत आली असताना डोक्यात तीव्र कळ आल्याचे सांगून अध्यक्ष एकाएकी बेशुद्ध झाले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा ३०० च्या पलीकडे गेला होता आणि खालचा १९० होता. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते.

जगाला हा मृत्यू अकल्पित वाटला. मात्र, त्याची चाहूल देणारे आकडे कित्येक वर्षांपासून वैद्यकीय नोंदींत पडून होते.

३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथील सधन घराण्यात रूझवेल्ट यांचा जन्म झाला. वयाच्या ३९ व्या वर्षी, १९२१ मध्ये, पोलिओने त्यांचे दोन्ही पाय निकामी केले. तरीही ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, त्यांनी अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली. पोलिओवर मात करणारा हा जिद्दी नेता सर्वांना ठाऊक होता. दुसऱ्या, मुक्या शत्रूची मात्र कोणी दखल घेतली नाही.

१९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १६२/९८ भरला. १९४१ मध्ये तो १८८/१०५ वर पोहोचला. त्यांचे वैद्य रॉस मॅकइंटायर हे मूळचे कान, नाक व घशाचे तज्ज्ञ. वाढत्या वयात रक्तदाब वाढायचाच, किंबहुना कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी तो वाढलेलाच बरा, असे मानणारे डॉक्टर त्या काळी कमी नव्हते. त्यात अध्यक्षांचे सिगारेटचे व्यसन आणि महायुद्धाचा ताण यांची भर पडत होती.

१९४३ अखेरच्या तेहरान परिषदेहून परतल्यावर त्यांचा खोकला व थकवा हटेना. कन्या ॲना यांनी आग्रह धरला आणि २७ मार्च १९४४ रोजी बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांची तपासणी केली. रक्तदाब १८६/१०८, हृदय आकाराने वाढलेले, फुफ्फुसांत पाणी साचू लागलेले. उच्च रक्तदाबाने हृदय थकत चालले असल्याचे निदान झाले.

ब्रुएन यांच्या हाती शस्त्रे थोडीच होती. डिजिटॅलिस, विश्रांती, कमी सिगारेटी, हलका आहार आणि मिठावर बंधन. जेवणाला चव हवीच असेल तर साध्या मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरावे, असेही त्यांनी सुचविले. यामागील शास्त्र आज सुस्पष्ट आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. मूत्रपिंडांना ते पुरेशा वेगाने बाहेर टाकता आले नाही, तर रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरील दाबही चढतो. योगायोग असा, की जर्मनीतून अमेरिकेत स्थलांतरित झालेले डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी त्याच वर्षी आपल्या उपचाराचे निष्कर्ष डॉक्टरांच्या परिषदेत मांडले. भात, फळे व साखर अशा जवळजवळ बिनमिठाच्या आहाराने गंभीर रुग्णांचाही रक्तदाब उतरत असल्याचे त्यांनी दाखविले होते.

औषधाने रूझवेल्ट यांची धाप कमी झाली, झोप सुधारली. रक्तदाब मात्र चढतच राहिला. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रेमर्टन येथील गोदीत भाषण करताना त्यांच्या छातीत कळ आली. तरीही नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. मतदारांना त्यांच्या प्रकृतीचे खरे चित्र कळलेच नव्हते. खुद्द रुग्णानेही ब्रुएन यांना आपल्या आजाराविषयी कधी विचारले नाही आणि ब्रुएन यांनाही ते सांगण्याची मुभा नव्हती. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत युरोपच्या भवितव्याची चर्चा झाली, तेव्हा टेबलाच्या एका बाजूला हा खंगलेला माणूस बसला होता. त्यानंतर दोन महिन्यांत त्याचा अंत झाला. जर्मनीची शरणागती त्याला पाहता आली नाही.

निधनानंतर त्यांचे वैद्यकीय दप्तर गहाळ झाले, ते पुन्हा सापडले नाही. ब्रुएन यांनी १९७० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे सत्य जगासमोर आले.

तोपर्यंत वैद्यकशास्त्र बरेच पुढे सरकले होते. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथे सुरू झालेल्या पाहणीत ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. वाढलेला रक्तदाब हा वयाचा स्वाभाविक परिणाम नसून हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे कारण आहे, हे त्यातून सिद्ध झाले. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड हे औषध उपलब्ध झाले. लघवीवाटे शरीरातील मीठ व पाणी बाहेर टाकणे हेच त्याचे काम.

केवळ मीठ कमी करून रूझवेल्ट वाचले असते, असे म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये आजार फार पुढे गेला होता. मात्र १९३७ मधील त्या पहिल्या आकड्याकडे गांभीर्याने पाहिले गेले असते, तर हाती सात वर्षे होती. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो पाळणे आणि रक्तदाब वेळेवर मोजून घेणे आज कोणाही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली पदावर बसलेल्या रूझवेल्ट यांच्या वाट्याला मात्र ते वेळेवर आले नाही.