विचारल्याशिवाय युद्धात? विनोबा म्हणाले, नाही!

पहाटे चिंचोळी एमआयडीसीत पहिल्या पाळीचे कामगार उतरत असतात, तेव्हा रस्त्याच्या कडेनं पोरं पळत असतात. कुणाला पोलीस भरती, कुणाला आर्मी. घरची ओढाताण, वर्दीची हौस, दोन्ही एकत्र. अशा पोरांना एका बारीक अंगकाठीच्या माणसाची गोष्ट सांगायला हवी.

विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गाव गागोदे, आताचा रायगड जिल्हा. गणितात पोरगा एकदम तेज. पण शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं त्यानं आईसमोर चुलीत घातली! १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाला, मध्येच सुरतला उतरला आणि थेट काशी गाठली. त्याच वर्षी तो गांधीजींच्या आश्रमात पोचला. पुढे तोच विनोबा झाला.

सप्टेंबर १९३९. इंग्लंड युद्धात उतरलं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतालाही त्यात ओढलं. इथल्या कुणालाच विचारलं नाही. भारतीयांवर लष्कराची सक्ती नव्हती हे खरं. पण भरती जोरात सुरू होती. युद्ध संपेपर्यंत फौज २५ लाखांच्या घरात गेली. त्यात कितीतरी जण पोटासाठी गेलेले. उपाशी माणसाची 'मर्जी' किती खरी, हा प्रश्न उरतोच.

गांधीजींनी मोर्चे काढले नाहीत. एकेका माणसानं उभं राहायचं, आधी अधिकाऱ्यांना कळवायचं, मग उघडपणे युद्धाविरुद्ध बोलायचं आणि तुरुंगात जायचं. पहिला मान कुणाला? नेहरूंना नाही, विनोबांना! तेव्हा ते ४५ वर्षांचे, आणि बाहेर फारसं कुणाला माहीत नसलेले. नेहरूंचा नंबर दुसरा. गुलाम देशानं मालकाचं युद्ध का लढावं, हा नेहरूंचा सवाल. विनोबांचा विरोध मात्र युद्ध या गोष्टीलाच होता.

१७ ऑक्टोबर १९४०. वर्ध्याजवळच्या पवनार गावात विनोबा बोलले. या युद्धाला ना पैसा द्या, ना माणूस, एवढंच साधं सांगणं. मग आजूबाजूच्या गावांत फिरले. २१ ऑक्टोबरला देवळीत अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा लागली. सुटले, पुन्हा बोलले, पुन्हा आत. त्यांच्यामागून हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले.

त्यानं युद्ध थांबलं का? नाही. समोर हिटलर असताना ही भूमिका चुकीची होती, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. तुम्हीही म्हणू शकता, बिनधास्त वाद घाला. पण सरकारचा हुकूम आणि आपलं मन यांच्यामध्ये एक जागा असते. त्या जागेवर हा माणूस एकटा उभा राहिला, तेही कुणाचा द्वेष न करता.

पुढे भूदानासाठी ते देशभर पायी फिरले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच गेले.

भरतीसाठी पळताय? जरूर पळा. फक्त का पळतोय, हे एकदा स्वतःला विचारा. १९३९ मध्ये तो प्रश्न कुणी आपल्याला विचारलाच नव्हता.