भडगावचे दामले मास्तर

आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून केशवसुतांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण हे केशवसुत पोटासाठी आपल्या खानदेशात आले आणि सुमारे सात वर्षे येथे मास्तरकी करीत होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८६६ साली, रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या समुद्रकाठच्या गावी. वडील केशवपंत स्वतः शिक्षक. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. शिक्षणासाठी नातेवाइकांच्या आधाराने बडोदा, वर्धा, नागपूर असे फिरत ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले. मॅट्रिक होईपर्यंत विशी मागे पडली होती.

पुढे मुंबई. तेथे काही वर्षे किरकोळ व तात्पुरत्या नोकऱ्या केल्या. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या कविता १८९३ सालच्या, म्हणजे याच ओढगस्तीच्या काळातल्या. मराठी कवितेला नवे वळण मिळाले. पण कवितेने चूल पेटत नाही. अशातच १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ साली केशवसुतांनी मुंबई सोडली आणि खानदेशातील भडगाव गाठले.

भडगावला म्युनिसिपालिटीच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत ते शिक्षक झाले. कोठे मालगुंडचा समुद्र, माड आणि लाल माती. कोठे गिरणाकाठची काळी जमीन आणि वैशाखातला फुफाटा! कानावर पडणारी अहिराणीही त्यांना नवीच असणार. येथेच त्यांनी ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता लिहिली. नकाशा उघडून पाहावा. खानदेशातून कोकण नैर्ऋत्येलाच येते. त्या दिशेने येणारा वारा त्यांना घरचा वाटला, यात नवल ते काय?

परंतु ते नुसते झुरत बसले नाहीत. १८९८ साली शिक्षकांची एस.टी.सी. परीक्षा उत्तीर्ण झाले. १९०१ साली फैजपूरच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांना मिळाले. फैजपूर म्हटले की आपल्याला १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते; हे मुख्याध्यापक आठवत नाहीत.

एप्रिल १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुन्हा नवा मुलुख, पुन्हा नवी भाषा. पुढच्याच वर्षी हुबळीस नातेवाइकांकडे गेले असता त्यांना प्लेगने गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते गेले. पाठोपाठ थोड्याच दिवसांत पत्नीही गेली. ज्या प्लेगमुळे मुंबई सोडली, तोच एवढ्या दूर आडवा आला. वय अवघे एकोणचाळीस. हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले नाही. ते पुढे हरिभाऊ आपट्यांच्या प्रयत्नाने निघाले.

त्यांच्यामागे दोनच वर्षांनी, १९०७ साली, जळगावला पहिले कविसंमेलन भरले आणि धरणगावचा सतरा वर्षांचा ठोमरे, आपले बालकवी, तेथे उभा राहिला. ते पाहायला दामले मास्तर हवे होते.

आमच्या वर्गातील अनेकांच्या डोळ्यांपुढे आज मास्तरकीच आहे. जाहिरात निघेल त्या जिल्ह्यात जावे लागेल, याची घरच्यांना धास्ती आणि आम्हालाही. अशा वेळी भडगावचे दामले मास्तर आठवावेत. नोकरीसाठी मुलुख सोडणे यात कमीपणा नाही. मात्र जेथे जाऊ तेथली मुले आपली मानावीत, आणि घराकडून येणारा वाराही विसरू नये.