इंधन घटाचे जनक न्यायमूर्ती विल्यम ग्रोव्ह

हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण करणाऱ्या इंधन घटाचे, म्हणजेच फ्युएल सेलचे, जनक मानले जाणारे सर विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह हे व्यवसायाने वकील आणि पुढे न्यायाधीश होते. त्यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधील स्वानसी येथे झाला. ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर १८३५ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली; परंतु प्रकृतीच्या तक्रारींमुळे व्यवसायात खंड पडला आणि ते विज्ञानाकडे वळले.

१८३९ मध्ये त्यांनी जस्त, प्लॅटिनम आणि नायट्रिक आम्ल वापरून एक प्रभावी विद्युतघट तयार केला. अमेरिकेतील तारायंत्रांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. मात्र त्यातून विषारी वायू बाहेर पडत असल्याने पुढे तो मागे पडला.

त्याच सुमारास त्यांनी दुसराही शोध लावला. विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू मिळतात, तर हे वायू पुन्हा एकत्र आणून वीज मिळवता येईल, असा त्यांचा तर्क होता. १८४२ मध्ये त्यांनी अशा ५० घटांची मालिका जोडली. एकमेकांचे हात धरलेल्या पाच जणांना तिचा धक्का जाणवला. तथापि वायू, आम्ल आणि प्लॅटिनम जेथे एकत्र येतात तेवढ्याच भागात ही क्रिया होत असल्याने वीजप्रवाह क्षीण होता. हा संपर्क वाढवण्याची गरज स्वतः ग्रोव्ह यांनी ओळखली होती.

लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४१ ते १८४६ या काळात ते प्राध्यापक होते. मात्र कुटुंबाच्या वाढत्या गरजांमुळे ते पुन्हा वकिलीकडे वळले आणि पेटंटविषयक खटल्यांमध्ये त्यांनी नाव मिळवले. १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले आणि १८८७ मध्ये निवृत्त झाले. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले, तोपर्यंत इंधन घट प्रयोगशाळेबाहेर पडलेला नव्हता.

१९५९ मध्ये ब्रिटिश अभियंता फ्रान्सिस थॉमस बेकन यांनी ५ किलोवॉट क्षमतेच्या इंधन घटसंचाचे प्रात्यक्षिक दाखवले. त्यांच्या रचनेवर आधारित घटांनी अपोलो यानांना वीज आणि अंतराळवीरांना पिण्याचे पाणी पुरवले. ग्रोव्ह यांच्या मालिकेपासून येथवर येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

गुंतवणूकदारांना मात्र एवढा धीर नव्हता. प्लग पॉवर या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर १९९९ मध्ये १५ डॉलर दराने समभाग विक्रीस काढले. काही महिन्यांतच त्यांचा भाव सुमारे दहापट झाला आणि पुढे तो मूळ दराच्याही खाली गेला. भारतात जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी मिळाल्यानंतर या क्षेत्राविषयीची उत्सुकता वाढली आहे. इंधन घट किंवा हायड्रोजन सुरक्षा उपकरणे बनवणाऱ्या लहान कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्यांसाठी ग्रोव्ह यांचे चरित्र बोधप्रद आहे. तत्त्व खरे ठरले, तरी त्यातून उत्पन्न केव्हा मिळेल, हा प्रश्न वेगळा असतो. ग्रोव्ह यांचा चरितार्थ अखेर वकिलीवरच चालला.