आंबट दुधाचा शास्त्रज्ञ : इल्या मेचनिकोव्ह

अनमोडचा घाट ओलांडून जोयडा तालुक्यात गेले की रानाच्या कडेने गवळी-धनगरांच्या वस्त्या आढळतात. दुधाला विरजण लावणे, ते घुसळणे आणि पोट बिघडले की ताक पिणे हा तिथला रिवाज गोमंतकीय घरांनाही परका नाही. या आंबवलेल्या दुधाकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वेधले ते मात्र इल्या मेचनिकोव्ह या परदेशी शास्त्रज्ञाने.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि पुढे ओडेसा येथे ते प्राध्यापक झाले. १८७३ साली पहिली पत्नी क्षयाने निवर्तली. त्या दुःखात जीवन संपविण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न सुदैवाने फसला.

१८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षकपेशींचा सिद्धान्त यातूनच उभा राहिला. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मुंबईत प्लेगची लस तयार करून १८९७ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे त्यांचेच ओडेसातील विद्यार्थी. १९०८ साली मेचनिकोव्ह यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्तरायुष्यात वार्धक्याच्या प्रश्नाने त्यांना पछाडले. मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जंतू विष निर्माण करतात व त्यामुळे शरीर लवकर जीर्ण होते, असे त्यांचे मत बनले. बल्गेरियातील शेतकरी भरपूर दही खातात आणि दीर्घायुषी असतात, हे त्यांच्या कानी आले होते. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने त्या दह्यातील जिवाणू शोधला. आंबट दूध कुजकट जंतूंना आवर घालील या विश्वासाने मेचनिकोव्ह स्वतः ते नित्य घेऊ लागले. त्यांच्या लेखनामुळे युरोपात अशा दुधाची आणि जिवाणूंच्या गोळ्यांची लाटच आली. जुलै १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

नंतरच्या संशोधनात बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही, असे आढळले. पण शोध थांबला नाही. १९३० साली जपानमधील मिनोरू शिरोटा यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणारा जिवाणू वेगळा केला आणि १९३५ पासून त्याचे पेय बाजारात आले. आज दुकानांतून मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांचे मूळ तिथे आहे.

मेचनिकोव्ह यांचा दीर्घायुष्याचा दावा टिकला नाही. दह्यातील जिवाणू दुधातील साखर पचविण्यास मदत करतात, हे मात्र सिद्ध झाले आहे. दुधाने पोट फुगणाऱ्या अनेकांना दही-ताक सोसते ते यामुळेच. प्रत्येक जिवाणूचा गुण निराळा असतो; एका पेयाने आलेला अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. शिवाय जुनाट अपचनामागे जठरातील व्रणासारखा विकारही असू शकतो. वजन घटत असेल, शौच काळे होत असेल किंवा तक्रार काही आठवडे हटत नसेल, तर ताकावर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून घेणेच शहाणपणाचे ठरते.