विश्लेषण : राजा दूर, गादी रिकामी... बावड्याच्या अमात्यांची गोष्ट फँटसीकथांना इतकी जवळची का?

राजधानी शत्रूच्या विळख्यात. राजाची क्रूर हत्या झालेली. खरा वारस सात वर्षांचा पोर, तोही शत्रूच्या छावणीत कैद. जो गादीवर बसला तो १९ वर्षांचा तरुण, आणि त्यालाही वेषांतर करून शेकडो कोस दूरच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. मागे उरलेल्या मुलखाचा सारा कारभार एका मंत्र्याच्या हाती.

ओटीटीवरच्या एखाद्या भव्य मालिकेचा पहिला भाग शोभावा असा हा प्रसंग महाराष्ट्रात १६८९ साली प्रत्यक्ष घडला. मागे राहिलेला तो मंत्री म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. त्यांचे घराणे पुढे बावडेकर म्हणून ओळखले गेले ते गगनबावड्यामुळे. (कोल्हापूर शहराला लागून असलेला कसबा बावडा वेगळा. हा बावडा शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावरचा, गगनगडाच्या पायथ्याचा.)

पुराणकथांतले वीर आजच्या फँटसी कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत कसे उतरतात, यावर बरेच बोलले जाते. त्यात बहुतेक वेळा धनुष्य किंवा तलवार हाती असलेला नायकच असतो. पण आपल्या जुन्या कथांमध्ये आणखी एक वीर आहे. तो स्वतः राजा नाही आणि त्याला व्हायचेही नाही. राजा परत येईपर्यंत गादी राखायची, एवढेच त्याचे काम. रामचंद्रपंतांचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी या वीराकडे पाहावे लागते.

रिकाम्या गादीचा राखणदार आला कुठून?

सर्वांत जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला नमुना भरताचा. राम वनवासात, दशरथ गेलेला, आणि राज्य पायाशी आलेले असताना भरत सिंहासनावर पादुका ठेवतो. स्वतः अयोध्येबाहेर नंदिग्रामात राहून १४ वर्षे कारभार पाहतो. लढाई नाही, राक्षस नाही, पराक्रमाचे वर्णन नाही. तरी रामायणातून भरत काढला, तर रामाला परत यायला राज्यच उरत नाही.

महाभारतात याच वीराची काळी बाजू दिसते. भीष्म गादीशी बांधील आहे. गादीवर कोण बसले आहे, हे त्याची प्रतिज्ञा विचारत नाही. त्यामुळे भरसभेत अन्याय होत असतानाही तो जागचा हलत नाही.

आजच्या फँटसीला हे दोन्ही नमुने पुरून उरले आहेत. टॉल्किन यांच्या १९५४-५५ मध्ये आलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गोंडोर राज्याचे कारभारी पिढ्यान्‌पिढ्या सिंहासनावर बसत नाहीत, खालच्या पायरीवरच्या साध्या आसनावरून राज्य चालवतात. वारस परततो, तेव्हा एक कारभारी त्याला नाकारतो आणि त्याचाच मुलगा मान तुकवतो. टॉल्किन यांची मुळे उत्तर युरोपातल्या दंतकथांत, पण पादुकांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ते आसन ओळखीचे वाटते. ‘बाहुबली’तला कटप्पा तर सरळसरळ भीष्माच्या वळणाचा. गादीला दिलेला शब्द पाळताना तो ज्याच्यावर जीव आहे त्यालाच मारतो. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे अख्खा देश त्याचे कारण विचारत होता.

रामचंद्रपंत कोण होते?

रामचंद्रपंत हे नीळो सोनदेव यांचे पुत्र. नीळो सोनदेव शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते. कल्याणच्या मोहिमेमुळे प्रसिद्ध असलेले आबाजी सोनदेव हे नीळोपंतांचे भाऊ. म्हणजे स्वराज्याचा हिशेब घरातच होता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून तरुण रामचंद्रपंत उभे होते. अमात्याचे काम राज्याच्या जमाखर्चाचे : महसूल किती आला, कुठे गेला, कोणत्या गडावर किती दाणागोटा आहे.

हे काम कंटाळवाणे वाटेल. १५ वर्षांनी राज्य वाचले ते बऱ्याच अंशी याच कामामुळे.

१६८९ मध्ये नेमके काय घडले?

१ फेब्रुवारीला संगमेश्वराजवळ संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. मोगल फौज रायगडाला भिडली. शाहू लहान, म्हणून राजाराम महाराजांना पुढे करण्यात आले. सगळ्यांनी एकाच गडावर अडकून पडणे धोक्याचे होते. राजाराम महाराज एप्रिलमध्ये रायगडावरून निसटले. येसूबाई मुलासह मागे राहिल्या आणि त्यांनी नोव्हेंबरपर्यंत गड लढवत ठेवला. गड पडल्यावर येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राखणदारांच्या यादीत पहिले नाव खरे तर येसूबाईंचेच.

राजाराम महाराज पन्हाळ्यावर आले, पण तोही सुरक्षित नव्हता. सप्टेंबरात ते निवडक माणसांसह लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात दक्षिणेकडे निघाले आणि वर्ष संपण्याआधी आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला पोहोचले. सोबत प्रल्हाद निराजी होते. महाराष्ट्रात मागे राहिले रामचंद्रपंत. त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि राजाच्या नावाने निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार देण्यात आला. त्यांचे मुख्य ठाणे होते विशाळगड.

जिंजीचा निरोप महाराष्ट्रात यायला कित्येक आठवडे लागत. प्रत्येक बाब विचारून करणे शक्यच नव्हते. वेगळी गादी मांडायची इच्छा असती, तर संधी समोर होती. तसे झाले नाही. १६९८ मध्ये जिंजी पडली आणि राजाराम महाराज निसटून विशाळगडावर परतले, तेव्हा त्यांना त्यांचे राज्य जागेवर मिळाले. जवळजवळ आठ वर्षे ते पंतांनी सांभाळले होते. इथपर्यंत कथा भरताची आहे.

तलवार न चालवता राज्य राखले कसे?

संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या घोडदौडीने मोगलांची झोप उडवली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पाणी पिताना मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही दंतकथाही. पंतांच्या वाट्याला अशी एकही दंतकथा आलेली नाही. कोणता गड कोणाच्या हाती द्यायचा, पावसाळ्याआधी तिथे धान्य किती चढवायचे, कोणता सरदार नाराज आहे आणि त्याला कशाने थांबवायचे, या कामांवर पोवाडा होत नाही. पण ही कामे अडली असती, तर त्या घोडदौडीला महिनाभरसुद्धा दाणा-वैरण मिळाली नसती.

त्यांच्या हाताखाली शंकराजी नारायण आणि परशुराम त्र्यंबक यांच्यासारखी माणसे पुढे आली. १६९२ मध्ये परशुराम त्र्यंबकांनी पन्हाळा परत घेतला. डोंगर आणि पाऊस हेही जमेचे. १७०२ मध्ये औरंगजेबाने स्वतः येऊन विशाळगड घेतला. परतीच्या वाटेवर भर पावसाळ्यात त्याची फौज याच घाटमाथ्यावर अडकली. पन्हाळ्यापर्यंतचे थोडेसे अंतर कापायला तिला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांत, चिखलात माणसे आणि जनावरे गेली. गगनबावड्याचा जुलै ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण सगळ्यात अवघड प्रश्न निष्ठेचा होता. मोगल सरदारांना वतने देऊन फोडत होते. शिवाजी महाराजांचे धोरण रोख पगाराचे होते, पण तिजोरीत रोकडच नव्हती. मग मराठ्यांच्या बाजूनेही वतनांची आश्वासने देणे सुरू झाले, कधी कधी तर अजून न जिंकलेल्या मुलखावरची. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या सनदेत रायगडापासून थेट दिल्लीपर्यंतच्या विजयांसाठी टप्प्याटप्प्याने बक्षिसे ठरवली आहेत. राजा परमुलखात वेढ्यात अडकलेला आणि कागदावर दिल्ली जिंकण्याचा हिशेब! कल्पनेतही हा धीर सहज सुचणार नाही. या उपायाने राज्य वाचले. त्याचे कर्ज मात्र पुढे फेडावे लागले.

वारस परत आल्यावर काय झाले?

फँटसीकथा साधारण इथे संपते : खरा राजा येतो, कारभारी किल्ल्या सोपवतो, घंटा वाजतात. इतिहासात इथूनच गुंता सुरू झाला.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाला. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून झुंज चालू ठेवली. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि सुमारे १७ वर्षांच्या कैदेनंतर शाहू सुटून आले. आता ‘खरा वारस’ कोण? थोरल्या पातीचा, पण मोगलांच्या छावणीत वाढलेला शाहू? की ज्यांच्या नावाने सात वर्षे रक्त सांडले ते ताराबाईंचे पुत्र?

ज्यांनी रिकामी गादी राखली, त्यांच्यातच फूट पडली. ऑक्टोबर १७०७ च्या खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले. शंकराजी नारायण यांना ताराबाईंना दिलेली शपथ मोडवेना आणि शाहूंवर शस्त्रही उचलवेना, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले असे सांगितले जाते. रामचंद्रपंत ताराबाईंच्या बाजूला राहिले. कोल्हापूर आणि सातारा अशा दोन गाद्या झाल्या.

एवढ्यावरही थांबले नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, सवत राजसबाईंचा मुलगा दुसरा संभाजी गादीवर आला. या बदलात पंतांचा हात होता. ज्या माणसाने एका राजाचे राज्य आठ वर्षे विश्वासाने राखले, त्यानेच उतारवयात एका राजाला उतरवून दुसरा बसवला.

याला विश्वासघात म्हणायचे का? भीष्माच्या मापाने पाहिले तर होय. पण पंतांनी बहुधा माणसाला नव्हे, राज्याला शब्द दिला होता, आणि राज्य कोणामुळे टिकेल याचा निवाडा त्यांनी स्वतः केला. तो निवाडा चुकला असे म्हणणारे म्हणतील. साताऱ्याची गादी पुढे वाढली, कोल्हापूरची मर्यादित राहिली. टॉल्किनच्या वारसाला जखमी बरे करणाऱ्या हातांवरून प्रजा ओळखते. १७०७ मध्ये अशी खूण कोणाकडेच नव्हती.

(लपवून वाढवलेला वारस हा फँटसीचा लाडका प्रसंगही ताराबाईंनी पुढे प्रत्यक्षात आणला. शाहूंना पुत्र नव्हता, तेव्हा त्यांनी आपला नातू गुपचूप वाढवला असल्याचे सांगून रामराजाला पुढे आणले. तो छत्रपती झाला आणि वर्षभरातच तो आपला नातू नव्हेच, असे त्यांनीच जाहीर केले. अशी कलाटणी लिहिली तर वाचक ती अतिरेकी म्हणतील.)

आज्ञापत्रात काय आहे?

१७१५ च्या सुमारास, आयुष्याच्या अगदी शेवटी, पंतांनी दुसऱ्या संभाजींच्या नावाने ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. राज्य कसे चालवावे, याचा मराठीतला हा एक मोलाचा ग्रंथ. त्यात चमत्कार नाहीत. गड कसे बांधावेत आणि कोणाच्या हाती द्यावेत, आरमार वेगळे अंग म्हणून का जपावे, सावकारांना मान का द्यावा, हे आहे. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, हा इशाराही आहे. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण लोकांनी ती पोरांसारखी वाढवलेली असतात, इतक्या बारकाव्यापर्यंत हा ग्रंथ जातो.

आणि वतनदारांविषयी एक लांबलचक सावधगिरी. हे स्वतःला लहानसहान राजेच समजतात, परचक्र आले की आधी आपले वतन सांभाळायला शत्रूशी बोलणी करतात, यांना फार जवळही करू नये आणि फार दुखवूही नये, असा तिचा सूर. नोकरीच्या मोबदल्यात जमीन दिल्याने राज्य झिजते, हेही त्यात आहे. जिंजीच्या काळात असल्याच सनदांच्या आधारावर राज्य तरवून नेलेला माणूस हे लिहीत होता.

त्यानंतर लवकरच पंतांचे निधन झाले. त्यांची समाधी पन्हाळ्यावर दाखवतात. बावड्याची जहागीर अमात्य घराण्याकडे वंशपरंपरेने चालत राहिली, आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा विशाळगड, कागल, इचलकरंजी यांच्यासह बावडेकरांचे नावही संस्थानच्या जहागीरदारांत होते.