जुगाऱ्याला गवसलेली करुणा : संत कामिलस

१४ जुलै हा संत कामिलस ह्यांचा सणदिन. १५५० साली इटलीत जन्मलेला हा धिप्पाड तरुण व्हेनिसच्या सैन्यात शिपाई झाला. पायाला चिघळणारी जखम आणि जडलेला जुगार, ही त्याची मिळकत. उपचारासाठी रोमच्या सान जाकोमो इस्पितळात गेला, तेथे सेवकाचे कामही मिळाले. परंतु पत्त्यांपायी व भांडणांपायी त्याला काढून टाकण्यात आले. १५७४ साली नेपल्समध्ये अंगावरचा सदराही तो हरला, असे सांगतात.

मग मान्फ्रेदोनिया येथे कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी. २ फेब्रुवारी १५७५ रोजी, एका मठवासीयाचा उपदेश मनात घोळत असता, तो वाटेतच गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडला.

पश्चात्तापानंतर सारे सुरळीत होते, असे आपण समजतो. कामिलसचे तसे झाले नाही. कापुचिन होण्याची त्याची तळमळ त्या जखमेने दोनदा मोडली. जखमेने त्याला पुन्हा सान जाकोमोच्याच दारी आणले. देवाची करुणा अशा आडवाटेनेही हरवलेल्याला गाठते, असे आम्हांला वाटते. जेथून हाकलला गेला, तेथेच तो व्यवस्थापक झाला, १५८४ साली धर्मगुरू झाला आणि रुग्णसेवकांचा संघ त्याने उभारला.

१६१४ साली रोममध्ये त्याचे निधन झाले. पायाची जखम अखेरपर्यंत भरली नाही.