राजांसाठीं गाडी घडविणारा एत्तोरे बुगाटी

इटलींतील मिलान शहरीं ता. १५ सप्टेंबर १८८१ रोजीं एत्तोरे बुगाटी याचा जन्म झाला. बाप कार्लो हा लांकडी सामानाचे नवनवे घाट काढणारा नामांकित कलावंत होता. धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा पुढें पशूंच्या मूर्ति घडवून कीर्तीस चढला. अशा घरांतल्या एत्तोरेलाही प्रथम कलाशाळेंतच घातलें होतें; परंतु त्याचें मन रमलें तें यंत्रांत. शाळा सोडून तो गांवांतल्याच एका सायकलींच्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागला. १९०१ सालीं मिलानच्या प्रदर्शनांत त्यानें आपली मोटारगाडी मांडली, तिला बक्षीस मिळालें आणि अल्सास प्रांतांतील द दीत्रिश या कारखानदारांनीं त्यास बोलावून घेतलें. कायद्यानें तो अद्यापि अज्ञान असल्यामुळें करारावर बापाला सही करावी लागली!

कांहीं वर्षें दुसऱ्यांच्या पदरीं काढल्यावर १९०९ सालीं त्यानें अल्सासमधील मोल्सहाइम या लहानशा गांवीं, एका जुन्या रंगाच्या कारखान्याच्या जागेंत, आपला स्वतःचा कारखाना थाटला. हा प्रांत त्या वेळीं जर्मनीचा होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. गाडी हलकी हवी व तिचा प्रत्येक भाग दिसण्यांतही सुबक हवा, हा त्याचा कटाक्ष. १९२५ ते १९२९ अशीं पांच वर्षें सिसिलीमधील डोंगरी रस्त्यांवरची तार्गा फ्लोरिओ ही शर्यत त्याच्याच गाड्यांनीं जिंकली. त्याच्या इंजिनाकडे पाहिलें असतां एखादी कोरीव पेटीच पाहत आहों असें वाटतें. हा बापाच्या घरचा संस्कार असावा.

एवढ्या यशावर कोणीही संतुष्ट झाला असता. एत्तोरेला मात्र राजांनीं बसावें अशी गाडी करावयाची होती. १९२६ सालीं त्यानें 'रॉयाल' नांवाची पहिली गाडी तयार केली. आठ सिलिंडरांचें, सुमारें पावणेतेरा लिटरांचें इंजिन. पुढच्या आंसापासून मागच्या आंसापर्यंतचें अंतरच चौदा फूट! नाकावर मागच्या पायांवर उभा असलेला एक रुपेरी हत्ती बसविला. ती मूर्ति मूळ रेम्ब्रांटची. तो बिचारा १९१६ मध्येंच, वयाच्या ३१ व्या वर्षीं, हें जग सोडून गेला होता.

अशा पंचवीस गाड्या करण्याचा बेत होता. तोंच १९२९ ची जगव्यापी मंदी आली. गिऱ्हाईक म्हणून ज्या स्पेनच्या राजाचें नांव घेतलें जात होतें, त्याचें सिंहासनच १९३१ सालीं गेलें. अखेरीस सहाच गाड्या झाल्या, आणि त्यांतील तीनच बाहेर विकल्या गेल्या. एकही राजाच्या दारीं गेली नाहीं. पहिली १९३२ सालीं एस्देर नांवाच्या फ्रेंच कापड-व्यापाऱ्यानें घेतली. तो रात्रीं गाडी हांकीत नसे, म्हणून त्या उघड्या गाडीला पुढचे दिवेच लावले नव्हते. तिचा घाट एत्तोरेचा मुलगा झाँ यानें काढला होता.

दुसरी फुक्स नांवाच्या जर्मन डॉक्टरानें घेतली. तिचें छत मागें दुमडतां येत असे. नाझींचें राज्य आल्यावर डॉक्टर देश सोडून निघाला आणि गाडीही त्याच्यामागून शांघाय व तेथून न्यूयॉर्क अशी फिरली. तेथें एका हिवाळ्यांत आंतलें पाणी गोठून इंजिन तडकलें आणि गाडी भंगाराच्या आवारांत जाऊन पडली. पुढें जनरल मोटर्सचे इंजिनिअर चार्ल्स चेन यांनीं ती विकत घेऊन दुरुस्त केली. आज ती अमेरिकेंतील डियरबॉर्न येथें हेन्री फोर्डच्या नांवाच्या संग्रहालयांत आहे.

पण राहिलेल्या इंजिनांचें काय? एत्तोरेनें तीं आगगाडीच्या डब्यांत बसविलीं. डब्याच्या आकाराप्रमाणें दोन किंवा चार इंजिनें, आणि १९३३ पासून हे स्वयंचलित डबे फ्रान्सच्या रुळांवरून धांवूं लागले. पॅरिसहून समुद्रकांठच्या दोव्हीलकडे तिकीट काढून निघालेलीं कुटुंबें राजाच्या इंजिनामागें बसून जाऊं लागलीं, आणि त्या कामावर मोल्सहाइमचा कारखाना तगला.

तथापि १९३६ सालीं कामगारांनीं संप केला. एत्तोरे त्यांना घरच्या माणसांप्रमाणें वागवी खरा, पण घरांत शब्द एकट्या वडिलांचाच चालावा अशी त्याची समजूत होती. हा घाव त्याला सोसला नाहीं. कारखाना झाँच्या हातीं सोंपवून तो पॅरिसला जाऊन राहिला. ता. ११ ऑगस्ट १९३९ रोजीं झाँ शर्यतीच्या गाडीची परीक्षा घेत असतां वाटेंत आलेल्या सायकलस्वाराला चुकवावयास गेला व झाडावर आदळून मरण पावला. वय अवघें तीस. पाठोपाठ महायुद्ध आलें. जर्मनांनीं कारखाना घेतला. कुटुंबाजवळ उरलेल्या तीन रॉयाल गाड्या एर्मेनोंव्हील येथील घरीं भिंत बांधून तिच्याआड लपवून ठेवाव्या लागल्या.

ता. २१ ऑगस्ट १९४७ रोजीं एत्तोरे पॅरिसमध्यें निवर्तला. मोल्सहाइमजवळच्या दोर्लिसहाइम गांवीं घरच्या माणसांजवळ त्याला मूठमाती दिली आहे. सहाही गाड्या शाबूत आहेत. त्यांपैकीं दोन अल्सासमधील म्यूलूझ शहरच्या मोटार-संग्रहालयांत आहेत, आणि त्याच शहरच्या रेल्वे-संग्रहालयांत तो आगगाडीचा एक डबाही ठेवला आहे.